पदपथाची चव हवी, पदपथावरचा माणूस नको

एका स्नेह्याच्या आग्रहास्तव मुंबईतील एका पंचतारांकित हॉटेलात भरलेल्या ‘जगभरच्या रस्त्यांवरील खाद्य’ महोत्सवास जाण्याचा योग आला. मेक्सिकोचा टाको, थायलंडचे पॅड थाई, इस्तंबूलचा सिमित आणि आपला वडापावही! वातानुकूलित दालनात एक हातगाडी उभी होती. तिला चाके होती, पण ती उचलून नेण्यास पालिकेची मोटार येणार नव्हती.

पदार्थ रुचकर होते. प्रश्न रुचीचा नाही, जागेच्या मालकीचा आहे. दालनात त्याच वड्याची किंमत अनेकपट होते. हा वाढावा कष्टाचा नव्हे, जागेचा असतो. रस्त्यावरचा विक्रेता मात्र हप्ता भरूनही बेकायदा ठरतो.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात पथविक्रीचा हक्क वाजवी निर्बंधांसह मान्य केला. २०१४ च्या कायद्याने सर्वेक्षणापूर्वी कोणासही हटवू नये असे सांगितले. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या.

पादचाऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण सिंगापूरने १९८६ पर्यंत परवानाधारक फेरीवाल्यांना नळ व सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत सामावून घेतले. २०२० मध्ये युनेस्कोने त्या संस्कृतीस वारसा मानले. तेथे माणसाला जागा मिळाली, आपण केवळ त्याच्या पदार्थाला देतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपालिकेस एकच प्रश्न विचारावा : आमच्या गावची समिती कोठे आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?