शटर जड झालं, तर जोर लावू नका

मैत्रिणींनो, खाली गाळा किंवा गाडी ठेवायची जागा आणि वर राहतं घर, अशी घरं आपल्याकडे आळीआळीत दिसतात. सकाळी शटर वर सारायचं आणि रात्री खाली ओढायचं हे काम घरच्या बाईच्या वाट्याला कधी येतं ते कळतही नाही. पिठाची गिरणी असो, शिवणाचा क्लास असो, पुष्कळ घरांतून तो आपणच चालवतो. मग हळूहळू ते शटर जड लागायला लागतं. आधी एका हाताने जायचं, त्याला दोन्ही हात लागू लागतात, मग गुडघ्याचा रेटा आणि शेवटी शेजारच्या मुलाला हाक! बहुतेक जणी मनाशी म्हणतात, वय झालं, अंगात पूर्वीसारखा जोर राहिला नाही.

अहो, जोर तुमचा नाही, स्प्रिंगचा कमी झालेला असतो. आठ फूट रुंद, सात फूट उंच असं लोखंडी पट्ट्यांचं शटर घ्या. त्याचं वजन ५०-६० किलो सहज भरतं, म्हणजे गव्हाचं भरलं पोतं. ते तुम्ही इतकी वर्षं एका हाताने वर सारत होता, ते कसं? वर जी पत्र्याची पेटी दिसते, तिच्यात एक आडवा पाइप असतो आणि त्या पाइपवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. कुठे जुन्या घड्याळाच्या चावीसारखी पोलादी पट्टीची गुंडाळी असते, तर कुठे जाड तारेचं वेटोळं. शटर खाली ओढलं की त्या पिळल्या जातात. वर सारताना तोच पीळ उलगडतो आणि शटराला वर खेचतो. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा लोंबणारं वजन सगळ्यात जास्त आणि स्प्रिंगेचा पीळही सगळ्यात जास्त. वर जाता जाता दोन्ही बरोबरीने कमी होतात. म्हणून नीट बसवलेलं शटर कमरेइतक्या उंचीवर सोडलं, तर जवळजवळ तिथेच थांबतं.

तेव्हा घरच्या घरी बघायचं ते एवढंच. मुलांना लांब करा, पदर खोचून घ्या, पाय शटराच्या रेषेबाहेर ठेवा. शटर कमरेइतकं वर घ्या आणि मुठीवरचा हात न काढता जोर हळूच कमी करून बघा. हाताला खाली ओढ लागली तर स्प्रिंग थकली आहे. उलट ते आपणहून सर्रकन वर पळालं, तर मागच्या मिस्त्रीने पीळ जास्त दिला आहे. हेही चांगलं नाही. हाताला हिसका बसतो, शिवाय रोजच्या ताणाने स्प्रिंग लवकर तुटते. शटर आधीच इतकं जड असेल की उचलतानाच धाप लागते, तर मात्र ही परीक्षाही नको. उत्तर मिळालेलंच आहे.

कधी कधी स्प्रिंग हळूहळू थकत नाही, एकदम तुटते. पेटीत ‘फट्’ असा मोठा आवाज येतो आणि त्यानंतर शटर जागचं हलत नाही, किंवा अर्ध्यावर असेल तर धाडकन खाली येतं. एका पाइपवर दोन, तीन, चार स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी बाकीच्या ओढून नेतात, म्हणून ‘चाललंय ना’ असं म्हणून आपण सोडून देतो. पण तिच्या वाट्याचं ओझं बाकीच्यांवर पडतं आणि त्याही मागोमाग जातात. त्या वेळी शटराखाली कोण उभं असेल, सांगता येत नाही. खालच्या पट्टीला लोंबकळून वर जाण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. आजपासून तो बंद करा, शटर चांगलं असलं तरीही. पट्ट्यांच्या फटीत बोट घालून ओढण्याची सवयही वाईट. शटर गुंडाळताना त्या फटी मिटतात आणि बोट चिमटतं. मूठ असते ती धरायलाच.

आणखी एक गोष्ट, जी आपण चारचौघींत बोलत नाही. गरोदर असलेल्या, सिझेरियन किंवा पिशवीचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांनी जड शटराशी झटू नये. पाण्याची कळशी उचलायला डॉक्टरांनी मनाई केलेली असते, पण शटर उचलणं हेही ओझं उचलणंच आहे हे लक्षात येत नाही. सासूबाईंना, घरच्या माणसांना तसं स्पष्ट सांगा.

आता दुरुस्तीचं. घरात एखादे हौशी भावोजी असतातच, पाना घेऊन शिडीवर चढणारे. पंख्याचा कंडेन्सर बदला, नळाचा वायसर बदला, त्यांना काय करायचं ते करू द्या. या पेटीला मात्र हात लावू देऊ नका. पाइपचं एक टोक भिंतीच्या ब्रॅकेटला पक्कं आवळलेलं असतं आणि त्या बोल्टाने सगळा पीळ रोखून धरलेला असतो. तो बोल्ट नकळत सैल झाला, की पाइप गर्रकन उलटा फिरतो आणि त्याच्यावर लावलेला पाना मनगट किंवा जबडा फोडल्याशिवाय राहत नाही. शिवाय माणूस शिडीवर! जाणता मिस्त्री मोठ्या पाइप-पान्याने पाइप धरून ठेवतो, मग बोल्ट सैल करतो आणि पीळ एकेक फेरा मोजत उतरवतो. सोबत मदतनीस आणतो तो मिरवायला नव्हे. एकटाच आला असेल, तर ‘दादा, जोडीदार घेऊन या, घाई नाही’ असं सांगायला संकोच करू नका.

काम चालू असताना शिडीपासून लांब बसा, पण बसा! चहा करायला आत गेलात की नेमकं काय बदललं ते कळत नाही. जुनी स्प्रिंग काढल्यावर हातात मागून बघा. तुटलेली असेल तर तुकडे दिसतील. नवीन स्प्रिंग जुनीच्याच रुंदी-जाडीची आहे ना, हे शेजारी ठेवून डोळ्यांनी कळतं. पट्ट्या मध्यंतरी बदलून जाड पत्र्याच्या घातल्या असतील, तर वजन वाढलेलं असतं. तेव्हा मात्र जुन्या मापाची स्प्रिंग पुरणार नाही, हे आपण होऊन सांगा. एक तुटली असेल आणि बाकीच्याही तितक्याच जुन्या असतील, तर सगळ्या एकदम बदलाव्यात असं माझं मत. शिडी लावणं, पेटी उघडणं, पीळ उतरवणं ही मजुरी दोनदा कशाला? नुसता पीळ वाढवून देतो असं मिस्त्री म्हणाला, तर थकलेल्या स्प्रिंगेचं काही दिवस निभावतं. तुटलेलीचं नाही.

आणि पैसे देण्याआधी शटर तुम्ही स्वतः वर-खाली करून बघा. मिस्त्रीने एका हाताने उचलून दाखवलं म्हणजे झालं असं नाही. रोज उचलणार तुम्ही. जड वाटलं तर त्याच वेळी अर्धा-एक फेरा वाढवून घ्या.

दर वेळी दोष स्प्रिंगेचाच असतो असंही नाही. दोन्ही बाजूंच्या खाचांत धूळ, चिखल, उदबत्तीच्या काड्या असं काय काय साठतं. पावसाळ्यानंतर तर गंज चढतो. खाच कोरड्या ब्रशने झाडा, फडक्याने पुसा आणि मेणबत्ती घासा. ग्रीस थापू नका. त्याला धूळ चिकटून लापशी होते. कुलपाच्या कडीला शिलाई मशीनचं दोन थेंब तेल पुरे.

मोटर बसवली की हा प्रश्न सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. स्प्रिंगांच्या शटराला मोटर लावली तरी वजन तोलायचं काम स्प्रिंगाच करतात. त्या तुटल्यावर बटण दाबत राहिलात, तर मोटर जळते. लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जाऊन राहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण तिथे गॅरेजचं दार हाच घराचा रोजचा दरवाजा असतो. दाराच्या वर आडव्या दांड्यावर जाड तारेची स्प्रिंग असते. नेहमीच्या स्प्रिंगेचं आयुष्य १०,००० वेळा उघड-मीट एवढं धरतात. दिवसातून चारदा दार उघडलं, तर सात वर्षंही पुरी होत नाहीत. १९९३ पासून तिथल्या घरगुती मोटरींना दारात कोणी आलं तर ते ओळखणारा डोळा किंवा तशी दुसरी सोय सक्तीची आहे. पण तो डोळा मोटरला थांबवतो, स्प्रिंग तुटून सुटलेल्या दाराला नाही. वेटोळ्यात मध्येच फट दिसली, तर बटण दाबू नका. दार उघडं असताना मोटरीची ती लोंबती लाल दोरीही ओढू नका, सगळं दार खाली येईल. नातवंडांना लांब ठेवा आणि मुलाला फोन करा.

इथे आपल्याकडे शटर मध्येच अडकलं, तर त्याच्याखालून ये-जा बंद करा. गाडी आत अडकली तरी वाकून आत शिरायचं नाही. फारच नड असेल तर तिघा-चौघा धडधाकट माणसांनी मिळून उचलावं आणि दोन्ही बाजूंना लाकडी टेकू लावल्यावरच गाडी काढावी. शटरवाल्या मिस्त्रीचा नंबर मात्र आजच, शटर धड असतानाच, मीटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा.

पुढच्या अंकात पावसाने फुगलेल्या लाकडी दारांविषयी.