गंज काढणार कोण?

दिवाळी अंकात गंजाविषयी लिहिणे अभद्र आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. मी म्हटले, "अगं, आठ दिवस तू घरात दुसरे काय करते आहेस?" माळ्यावरची पितळी भांडी खाली आली होती, चिंच भिजत पडली होती आणि सासूबाईंच्या वेळचा बंब घासघासून तिचे दंड भरून आले होते. बंबात पाणी तापवल्याला पंधरा वर्षे झाली. पण तो घासल्यावाचून आमच्या घरी नरकचतुर्दशी उजाडत नाही. "ठेवायचा म्हटला की घासायचा. नाही तर मोडीत द्यावा," ती म्हणाली आणि पुन्हा चिंचेच्या पाण्यात हात घातला.

वाचकहो, मला जे सांगायचे आहे ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकले. तरीही मी लिहितो आहे, कारण जे शहाणपण आमच्या मोरीत आहे ते मोठमोठ्या सभागृहांत सापडत नाही. माझा विषय आहे निवृत्त पाणबुड्यांचा. त्यांची संग्रहालये करावीत, असा एक उत्साह हल्ली सर्वत्र दिसतो. उत्साहाशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते फीत कापून झाल्यावर घरी जाणाऱ्यांशी. आणि त्या घरी जाणाऱ्यांत मीही होतो, हे पुढे सांगणारच आहे.

आधी माझा अधिकार सांगतो. मुंबईच्या एका गोदीत मी तीस वर्षे जहाजदुरुस्तीचे काम केले. उमेदवारीची पहिली दोन वर्षे हातात फक्त चिपिंगची हातोडी होती. सुक्या गोदीत पाणी उपसून जहाज ठोकळ्यांवर बसले की आम्ही पोरे त्याच्या पोटाखाली शिरत असू. कालवे आणि शेवाळ खरवडायचे, गंजाचे पापुद्रे ठोकून पाडायचे, पत्रा चकचकीत दिसला की त्यावर शेंदूर फासायचा. होय, शेंदूरच! जुन्या काळी लोखंडाला लावत तो तांबडा रंग म्हणजे मारुतीच्या अंगावरचा शेंदूर, शिशापासून केलेला. आमचे मुकादम म्हणत, "पोरांनो, देवाला वर्षातून एकदा लावला तरी चालतो, जहाजाला चालत नाही."

तर लोखंड, खारे पाणी आणि हवा ही तिघे एकत्र आली की काय होते, ते मला पुस्तकात वाचावे लागलेले नाही. आणि या बाबतीत पाणबुडीइतकी अवघड वस्तू दुसरी नाही. तिला दोन कवचे असतात. आतले जाड, पाण्याचा दाब सोसणारे; बाहेरचे पातळ, तिला आकार देणारे. या दोहोंच्या मध्ये बुडण्या-तरंगण्याच्या टाक्या आणि अशा बेचक्या असतात की तिथे माणूस शिरत नाही, हातोडी फिरत नाही आणि रंगाचा कुंचला पोचत नाही. नौदलाच्या सेवेत असताना ती ठरावीक काळाने सुक्या गोदीत येते. तिच्या अंगावर जस्ताच्या वड्या बसवलेल्या असतात; त्या स्वतः झिजतात आणि लोखंड वाचवतात. झिजल्या की बदलायच्या असतात. निवृत्तीनंतर गोदीची फेरी थांबते, वड्या संपतात. पण गंज मात्र निवृत्त होत नाही. तो आतून सुरू होतो. बाहेरून रंग ताजा, नाव ठळक, पताका फडफडताहेत, आणि आत पत्र्याचा पापड झालेला!

जमिनीवर उचलून ठेवली म्हणजे सुटली, असेही नाही. बेचक्यांत पावसाचे पाणी साचते, खारा वारा लागतो, आणि जे वजन पाण्याने सर्व बाजूंनी पेलायचे ते थोड्या आधारांवर येते. इंग्लंडातील गॉस्पोर्ट येथे ‘अलायन्स’ नावाची पाणबुडी अशीच पाण्यावर उचलून ठेवलेली होती. ती इतकी खंगली की सुमारे 70 लाख पौंड खर्चून तिच्याखाली भर घालावी लागली आणि सारे अंग दुरुस्त करावे लागले. 2014 साली ते काम पुरे झाले.

तिथलीच दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ‘हॉलंड 1’ ही ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी, 1901 साली पाण्यात उतरलेली. 1913 मध्ये तिला मोडीत काढायला ओढून नेत असता ती वाटेत बुडाली. 1981 साली ती समुद्रतळाशी सापडली, पुढच्या वर्षी वर काढली, स्वच्छ केली, गंजरोधक लावून लोकांपुढे मांडली. सर्वांना वाटले, झाले काम. पण सत्तर वर्षे समुद्रात राहिलेल्या लोखंडाच्या रंध्रांत मीठ मुरले होते. दहा-बारा वर्षांत ती लोकांच्या डोळ्यांदेखत झडू लागली. तेव्हा तिच्याभोवती एक प्रचंड हौद बांधला आणि तिला सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात भिजत घातली. हे सोडियम कार्बोनेट म्हणजे, गृहिणींनो, तुमचा धुण्याचा सोडा! काही वर्षे ती त्या पाण्यात राहिली, तेव्हा कुठे मीठ सुटले. मग तिच्यासाठी हवेतील ओल काबूत ठेवणारी स्वतंत्र इमारत उभारली. ती 2001 साली खुली झाली. ज्यांनी हे केले त्यांना मी नमस्कार करतो. त्यांनी चूक कबूल केली आणि चिंच पुन्हा भिजत घातली.

आता आपल्याकडे पाहू. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ उभी आहे. 1969 च्या डिसेंबरात ती आपल्या नौदलात आली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, 2001 च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली आणि 2002 पासून लोक तिच्या पोटातून फिरताहेत. चार वर्षांपूर्वी मी नातीला घेऊन गेलो. एक्क्याण्णव मीटर लांबीच्या त्या नळीत पंच्याहत्तर माणसे राहत. नातीने दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती बोटांना लागल्या. एका गोल दारातून वाकून जाताना ती थबकली आणि म्हणाली, "आजोबा, इथे रडायला कुठे जात असतील?" हा प्रश्न छायाचित्र पाहून पडत नाही, चित्रफीत पाहून पडत नाही. तो त्या दारातून वाकल्यावरच पडतो. म्हणून, "फोटो आहेत ना, मग लोखंड कशाला?" असे विचारणाऱ्या पंडितांना माझे उत्तर माझ्या नातीने आधीच देऊन ठेवले आहे.

तिथे माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. आमच्या वाट्याला आलेला गृहस्थ साताऱ्याकडचा निघाला. मी सवयीने पत्र्यावर बोटाचे पेर वाजवून पाहत होतो. त्याने ते बरोबर हेरले.

"काका, गोदीतले का?"

"तीस वर्षे."

तो हसला. "टॉर्पेडो किती मावायचे, हे समदे विचारतात. रंग कधी काढला, हे विचारणारं कुणी येत न्हाई."

मी विचारले. त्याने अर्धा तास सांगितले. नात कंटाळून बाहेर जाऊन कणीस खाऊन आली. पण त्या अर्ध्या तासात माझ्या ध्यानी आले की ही पाणबुडी टिकली आहे ती अशा माणसांमुळे, ज्यांना तिचा प्रत्येक झडपेचा दांडा नावाने ठाऊक आहे. ही माणसे उद्या थकतील. त्यांच्या जागी कोण येणार, हा प्रश्न मला पत्र्यापेक्षा अधिक भेडसावतो. लोखंडाला रंग लावता येतो. हातातले ज्ञान गेले की त्याला शेंदूर नाही.

"गरिबांच्या देशाला हे चोचले परवडत नाहीत," असे म्हणणारे एक गृहस्थ माझ्या रोजच्या फेरफटक्यात असतात. त्यांना मी हसत नाही; त्यांचा मुद्दा खरा आहे. परंतु त्यांना वाटते की हा प्रश्न दारिद्र्याचा आहे. तो तसा असता तर श्रीमंतांकडे सुटला असता. अमेरिकेत चार्ल्स्टन बंदरात ‘क्लॅमागोर’ ही पाणबुडी 1981 पासून संग्रहालय म्हणून पाण्यात उभी होती. दुरुस्ती लांबत गेली, खर्चाचा आकडा 90 लाख डॉलरांच्या घरात गेला, आणि 2022 साली तिला ओढून नेऊन मोडीत काढली. त्याच देशात प्रॉव्हिडन्स येथे एक जुनी सोव्हिएत पाणबुडी संग्रहालय म्हणून होती. 2007 च्या एका वादळात ती धक्क्यालाच बुडाली आणि शेवटी तीही भंगारात गेली. तेव्हा हा रोग पैशाच्या अभावाचा नाही, पुढे ढकलण्याचा आहे. आज हजारात भागणारे काम दहा वर्षांनी लाखात जाते. हे ज्याने घराची गळती एक पावसाळा पुढे ढकलली आहे, त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता माझा कबुलीजबाब. मुंबईत ‘विक्रांत’ संग्रहालय म्हणून 2001 पासून लोकांना खुली होती. ती पाणबुडी नव्हे, विमानवाहू जहाज; पण न्याय तोच. मी मुलाला घेऊन एकदा गेलो. अभिमानाने छाती भरून आली. पुन्हा गेलो नाही. 2012 मध्ये ती सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली, तेव्हा मला ते वर्तमानपत्रातून कळले. 2014 साली ती सुमारे 60 कोटींना भंगारात विकली गेली, तेव्हा मी तावातावाने एका निषेधपत्रावर सही केली. पुढे तिच्या लोखंडाचा अंश वितळवून मोटारसायकली निघाल्या, तेव्हा मी हळहळलोही. पण अकरा वर्षांत मी तिच्यासाठी काय केले? एक तिकीट काढले. पत्र्यावर पेर वाजवून पाहणारा मी, गोदीतला माणूस, तिचा पत्रा कसा आहे हे एकदाही विचारायला गेलो नाही. माझ्या सहीची किंमत त्या तिकिटाहून जास्त नव्हती.

‘विराट’च्या वेळी तर सहीही केली नाही. 2018 साली आपल्या राज्यात तिच्यासाठी साडेआठशे कोटींची योजना मंजूर झाली. सिंधुदुर्गच्या समुद्रात तिचे संग्रहालय आणि साहसी खेळांचे केंद्र होणार होते. दोन वर्षांनी ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली.

तेव्हा माझे म्हणणे रोखठोक आहे, आणि ते अनेकांना कडू लागेल. पुढे आपल्या आणखी पाणबुड्या निवृत्त होतील. माझगावात बांधलेल्या नव्या ‘कलवरी’ आणि ‘खांदेरी’ यांचीही एक दिवस तीच पाळी येईल. त्या वेळी मागणी करणाऱ्याला तीन अटी घालाव्यात. पहिली : उद्घाटनाच्या खर्चाइतकीच रक्कम आधी बाजूला ठेवा, आणि तिच्या व्याजाला डागडुजीखेरीज कोणी हात लावू नये. दुसरी : पत्र्याची जाडी दरवर्षी यंत्राने मोजा आणि तो आकडा तिकीटखिडकीवर लावा, पाहणाऱ्यालाही कळू द्या की आपण काय गमावतो आहोत. तिसरी : प्रत्येक जुन्या जाणत्या माणसाच्या हाताखाली दोन तरुण पगारी ठेवा.

"अशा अटी घातल्या तर एकही पाणबुडी जतन होणार नाही," असे कोणी म्हणेल. न होवो! दहा कुजण्यापेक्षा एक नीट राहिलेली बरी. ज्या बोटीवर माणसांनी उमेदीची वर्षे घालवली तिला मानाने तोडावी, तिची घंटा, परिदर्शक आणि सुकाणूचे चाक घरात छपराखाली ठेवावे. त्यात अपमान नाही. पताका लावून तिला आतून कुजू देण्यात आहे.

आणि अटी पाळल्या जात असतील, तर आपणही आपली पाळी चुकवू नये. पुन्हा जावे, दुसऱ्यांदा तिकीट काढावे, आणि टॉर्पेडोची चौकशी झाल्यावर एवढे जरूर विचारावे : रंग कधी काढला होता?

इतके लिहून मी उठलो तर बंब अंगणात उन्हात लखलखत होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "झाला का गंज लिहून? मग ही समई राहिली आहे." वाचकहो, मी चिंच घेऊन बसलो आहे. दिवाळी तुम्हां सर्वांना सुखाची जावो.