वंशावळीचा कागद

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेतून चालतो. या केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात जनुकशास्त्राला आता हक्काची जागा मिळाली पाहिजे.

हे शास्त्र त्यांना परके नाही. क्षयरुग्णाची थुंकी सीबीनॅट यंत्रात घातली की सुमारे दोन तासांत जंतू रिफाम्पिसिन या औषधाला दाद देणार का, ते समजते. यंत्र शोधते ते जंतूच्या एका जनुकातले बदल. सरकारी दवाखान्यांतले अनेक डॉक्टर हा अहवाल वाचायला समोरच्या रुग्णावरच शिकले. ते कॉलेजात होते तेव्हा हे यंत्रच नव्हते. हिवतापात प्रायमाक्विन देताना जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे का, हे पाहणे म्हणजेही रुग्णाच्या जनुकांचाच विचार करणे.

जंतूचे जनुक वाचून औषध बदलता येते. माणसाचे वाचले की अख्ख्या घराशी बोलावे लागते, आणि गाडी अडते ती तिथेच.

थॅलेसेमियाचे मूल दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येते. त्याच्या आईवडिलांना सांगायचे असते की, दोघेही वाहक असल्याने प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के आहे. ‘एकाला झाला, आता पुढची तीन सुखरूप’ असा अर्थ अनेक घरांत काढला जातो. तो गैरसमज वेळीच दूर झाला नाही, तर दुसरे मूलही त्याच खाटेवर येते. सिकलसेलचे गणितही हेच. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. पण तपासणीचा कागद हातात पडल्यावर वाहक तरुणीला त्याचा अर्थ कोण सांगणार? सांगणारा डॉक्टर तिच्या गावाजवळच हवा.

त्याला लागणारे पहिले साधन फुकटचे आहे: कोरा कागद. त्यावर तीन पिढ्यांची वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी माणसाचे चिन्ह भरून काळे करायचे, आणि नात्यात लग्न झाले असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या मराठवाड्यात ही दुहेरी रेघ वारंवार उमटते. ती कुणाला दोष न देता काढायची असते. सुनेकडे बोट दाखवणाऱ्या सासरला, दोष दोन्ही बाजूंनी आला आहे, हे शांतपणे समजावता येणे हाच या शिक्षणाचा गाभा.

दिवसभराच्या भाषणांनी हे येत नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘उम्मीद’ उपक्रमातून सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना जनुकीय आजारांचे प्रशिक्षण देणे सुरू केले, ती दिशा योग्यच. पण ते तालुक्यापर्यंत झिरपले पाहिजे. 1956 पासून डॉक्टर घडवणारी घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, इथेच आहे. महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या खऱ्या वंशावळी घेऊन घाटीतल्या बालरोग आणि स्त्रीरोग विभागात बसावे. जिल्हा परिषदेने त्या दिवसाची हजेरी कर्तव्य म्हणून धरावी आणि तसा आदेश याच वर्षी काढावा.