तांदूळ महागला, मग भाताला भाव का नाही?

कसबा पेठेत आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "इंद्रायणी परत वाढला का हो?" मावळात एखाद्या खाचराच्या बांधावर उभे राहिले की शेतकरी उलटा प्रश्न विचारतो, "साहेब, तांदूळ एवढा महाग, मग आमच्या भाताला का परवडत नाही?" दोघेही खरेच बोलत असतात. तुम्ही भात पिकवत असाल किंवा फक्त विकत घेऊन खात असाल, तरी हा हिशेब समजून घ्यायला हवा.

आधी किलोचा हिशेब

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने साधारण प्रतीच्या भाताची हमी किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवली. सरकारी खरेदीत १०० किलो भाताचे ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे भरडाई, बारदाना, वाहतूक, हमाली यांतले काहीही न धरता नुसत्या भाताचीच किंमत किलोला ३५ रुपयांवर जाते. गावच्या गिरणीत उतारा ६० किलोवर आला, तर तीच साडेएकोणचाळीस रुपये होते. कणी आणि कोंड्याचे थोडे पैसे सुटतात, ते वेगळे.

तेव्हा तीस रुपयांत चांगला तांदूळ मिळावा असे वाटत असेल, तर तो फरक कोणीतरी भरावा लागतो. रेशनवर तो सरकार भरते. खुल्या बाजारात तो बहुतेक वेळा भातवाल्याच्या खिशातून जातो.

देशात तांदूळ कमी आहे का?

नाही. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १,५०० लाख टन तांदूळ पिकला. १ जून २०२५ रोजी सरकारी साठा, न भरडलेला भात धरून, सुमारे ५९५ लाख टन होता. १ जुलैला तो किमान सुमारे १३५ लाख टन असावा असा नियम आहे. साठा इतका झाला की त्याच वर्षी इथेनॉल कारखान्यांना सरकारी तांदूळ साडेबावीस रुपये किलोने दिला गेला.

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आमच्या पेठेतल्या कित्येक वाड्यांतली चूल या धान्यावर चालते. ती सुरक्षा खरी आहे, तिला कमी लेखू नका.

पण दुकानात ज्याचा भाव विचारला जातो तो इंद्रायणी, आंबेमोहर किंवा जुना कोलम या गोदामांत नसतो. महाराष्ट्रात सरकारी भातखरेदी मुख्यतः पूर्व विदर्भात होते. मावळ, मुळशी, भोरचा सुवासिक भात बहुतांशी खासगी बाजारातच विकला जातो. म्हणून गोदामे भरलेली असतानाही तुमच्या आवडीचा तांदूळ महागू शकतो.

निर्यातबंदीने कोणाचे काय झाले?

सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात थांबली. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली. जगाच्या तांदूळ निर्यातीत आपला वाटा सुमारे ४० टक्के असल्याने जागतिक भाव १५ वर्षांच्या उच्चांकाला गेले. घरात मात्र स्वस्ताई आली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारला २९ रुपये किलोचा 'भारत तांदूळ' बाजारात आणावा लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली आणि मार्च २०२५ मध्ये तुकडा तांदूळही खुला झाला.

यात तारखेकडे लक्ष द्या. जुलैमध्ये मावळचा शेतकरी चिखलणी-लावणीत असतो. त्याच्या कणगीत घरखर्चापुरतेच भात उरलेले असते. त्या वेळी वाढलेल्या भावाचा फायदा साठा असलेल्यालाच होतो. बंदीचा दाब मात्र पुढच्या काढणीवर, म्हणजे शेतकऱ्यावर येतो.

फिलिपिन्सचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तांदूळ महागला म्हणून त्या देशाने अन्नसुरक्षा आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून, शेतकऱ्याचा भाव पडला म्हणून, आयातच थांबवली. सात महिन्यांत ग्राहक आणि शेतकरी दोघेही अडचणीत आले. भाव फक्त एका टोकाने दाबला की असे होते.

खरा धोका कुठे आहे?

१९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी दिला. वास आंबेमोहराचा, पण उंची कमी आणि उत्पादन जास्त. आज याच पट्ट्यात खाचरांचे प्लॉट होत आहेत. बांध मोडून भराव टाकलेले खाचर पुन्हा भाताखाली येत नाही. गोदामातला साठा वर्षभरात भरून काढता येतो, ही जमीन नाही. शेतकऱ्याला भात परवडणे हा म्हणूनच अन्नसुरक्षेचाही प्रश्न आहे.

तुम्ही काय करू शकता?

भात उत्पादकांसाठी:

- दिवाळीच्या तोंडावर सगळे भात विकू नका. मजुरी आणि उधारी भागेल एवढेच काढा. बाकीचे १२ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून भाताच्याच रूपात ठेवा. तांदळापेक्षा टरफलासह भात जास्त टिकते.
- भाव तांदळात मोजा. समजा, दुकानात तांदूळ ६० रुपये आहे आणि उतारा ६० टक्के. तर तुमच्या एका क्विंटल भाताचा तांदूळ ३,६०० रुपयांना विकला जातो. व्यापाऱ्याशी बोलताना हा आकडा डोक्यात असू द्या.
- गटाने भरडा. दहा-पंधरा जणांनी मिळून भरडाई आणि पिशवीबंद विक्री केली तर मधला वाटा गावात राहतो. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा, कारण त्या नावाखाली भलताच तांदूळ खपतो.
- खर्च कमी करा. चारसूत्री पद्धतीत १५-२५ सें.मी. अंतराने लावणी करून दर चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट खोल खोचतात. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात. खत वाहून जात नाही, उत्पादनही वाढते.

शहरातल्या वाचकांसाठी:

- पूर्वी पुण्यात घरोघर वर्षाचा तांदूळ भरत. आताही भात निघाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार-सहा महिन्यांचा तांदूळ घ्या. ऊन दाखवू नका, कणी वाढते. सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा.

दुकानात पुढच्या वेळी भाव विचाराल तेव्हा एक प्रश्न आणखी विचारा, हा तांदूळ कुठल्या गावचा आणि भात काय भावाने घेतले होते? दुकानदाराला सांगता येईलच असे नाही. पण असे विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तर गावाचे नाव लावून तांदूळ विकणाऱ्या शेतकरी गटांना दुकानात जागा मिळेल.