विषय कमी, मग फी पूर्ण का?

प्रवेशाचे दिवस आले की नांदेड-लातूरच्या घराघरांत धावपळ सुरू होते. ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात जो झपाट्याने शिकतो तोच हुशार, अशी आपली समजूत झाली आहे. पण सगळ्या मुलांचा वेग सारखा नसतो. थॅलेसेमिया असलेल्या मुलीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला दवाखान्यात जावे लागते. कमी दिसणाऱ्या मुलाला तेच पुस्तक वाचायला जास्त वेळ लागतो. ही मुले बुद्धीने कमी नसतात. त्यांना एका वेळी विषय कमी हवे असतात, एवढेच.

आपण मात्र दोनच वाटा पाहतो : सगळे विषय रेटायचे, नाहीतर शिक्षण सोडायचे. मुलगी असेल तर बहुधा दुसरीच वाट.

तिसरी वाटही आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात. सहा सत्रांत दर सत्राला वीस. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये सत्राला कमी श्रेयांक घेऊन पदवी जास्तीत जास्त दोन सत्रे लांबवण्याची मुभा देण्याचे ठरवले. म्हणजे आठ सत्रे, दर सत्राला पंधरा.

गाडी अडते ती फीपाशी. महाविद्यालयाने प्रत्येक सत्राची पूर्ण फी लावली, तर त्याच १२० श्रेयांकांसाठी सहाऐवजी आठ सत्रांची फी भरावी लागेल. रक्कम एक तृतीयांशाने वाढली! शिवाय औषधपाणी आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळाच. अपंगत्वाबद्दल हा दंडच झाला. आमचे म्हणणे साधे आहे : जितके श्रेयांक, तितकी फी.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमियाही त्यात आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण मोफत आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात पाच वर्षांची सूटही आहे. पदवीची फी मात्र आपोआप माफ होत नाही. पण विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे हे मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांचे काम आहे, असे कलम १६ सांगते. फीची मागणी याच कलमाच्या आधारे करता येईल.

कॅनडात कायमचे अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याने ४० टक्के अभ्यासक्रम घेतला, तरी सरकारी शैक्षणिक मदतीसाठी तो पूर्णवेळ धरला जाऊ शकतो. आपल्याकडे असे का होऊ नये?

तेव्हा वाचकहो, मुलाचे यूडीआयडी कार्ड आधी काढून घ्या. महाडीबीटीवर दिव्यांगांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. सत्र सुरू होण्यापूर्वीच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या : किती श्रेयांक घेणार, का घेणार आणि फी त्या प्रमाणात घ्यावी. अर्जाची पोच घ्या. अर्जाची एक प्रत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठालाही पाठवा. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. दाद लागली नाही तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. तोंडी विनंती विसरली जाते. कागदाला उत्तर द्यावे लागते.

हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांना दिसत नव्हते, तरी ते शिकण्याची ओढ घेऊन आले आणि मदिनेत अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. आपल्या घरातले मूल हळू शिकत असेल तर शिकू द्या. त्याचा वेळ त्याला देऊ या, आणि त्या वेळेची किंमत त्याच्याकडून वसूल होऊ नये यासाठी आपण सगळे मिळून अर्ज करू या.