विष कोणाचे, जमीन कोणाची?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम जारी केले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील या नियमांची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. ज्या जमिनीत कारखान्यांनी वर्षानुवर्षे विष मुरविले ती जमीन शोधावयाची कोणी, तपासावयाची कोणी आणि शुद्ध करावयाची कोणाच्या खर्चाने, हे ठरविणारी स्वतंत्र चौकट या देशात प्रथमच निर्माण झाली आहे. त्या वेळी देशात अशी १०३ स्थळे निश्चित झाली होती आणि त्यांपैकी अवघ्या ७ ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपण कोठे उभे आहोत ते कळते.

हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही, अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याहूनही अधिक सत्तेचा आहे. तो समजून घेण्यास न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन विभागाच्या गोवानस कालव्याचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेचे अनुकरण करावे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे करावे लागले आणि जे करूनही अपुरे राहिले, ते दोन्ही आपण पाहिले पाहिजे, एवढेच.

गोवानस ही मूळची भरती-ओहोटीची खाडी. तिच्या भोवती दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचा कालवा करण्यात आला. त्याची लांबी तीन किलोमीटरहूनही थोडी कमी, रुंदी सुमारे शंभर फूट. त्याच्या काठाने दगडी कोळशापासून वायू बनविणारे कारखाने, चर्मालये, रंग व रसायनांचे कारखाने आणि गिरण्या उभ्या राहिल्या. बंद भट्टीत कोळसा तापविला की दिवाबत्तीसाठी वायू मिळतो, आणि मागे डांबर उरते. ते पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते आणि मातीत खोल झिरपत जाते. कालव्याचे एक टोक बंद, त्यामुळे पाणी खेळते राहत नाही. त्यातच जोराचा पाऊस झाला की शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून कालव्यात उतरते. दीडशे वर्षांत तळाशी सरासरी दहा फूट जाडीचा विषारी गाळ साचला. त्यात डांबरातील कर्करोगकारक द्रव्ये, पारा, शिसे आणि तांबे आहे. वायूचे कारखाने विसाव्या शतकातच बंद झाले. मालक बदलले, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या. तळाचे डांबर मात्र होते तेथेच राहिले.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली ‘द सोशल कॉस्ट्स ऑफ प्रायव्हेट एंटरप्राइझ’ या ग्रंथात याच व्यवहाराची मीमांसा केली. उत्पादनाच्या खर्चाचा एक मोठा हिस्सा कारखानदाराच्या जमाखर्चात कधी येतच नाही. तो कामगाराच्या फुप्फुसात, शेजाऱ्याच्या विहिरीत आणि पुढच्या पिढीच्या शरीरात जमा होतो. नदीकाठची जमीन ही जणू अशा न भरलेल्या खर्चाची खातेवही आहे. ती उघडल्यावर बाकी कोणाच्या नावावर मांडावयाची, हा खरा वाद आहे.

अमेरिकेत ही वही उघडली गेली ती सरकारच्या सद्‌बुद्धीने नव्हे. न्यू यॉर्क राज्यातच नायगारा फॉल्स शहरी ‘लव्ह कॅनॉल’ नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात वीस हजार टनांहून अधिक रासायनिक कचरा पुरला, वर माती पसरली आणि ती जमीन तेथील शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. पुढे काही अपाय झाल्यास कंपनी जबाबदार नाही, अशी तरतूद खरेदीखतात होती. त्या भूमीवर शाळा उभी राहिली, आजूबाजूस कामगारांची घरे झाली. तळघरांतून विष वर येऊ लागले तेव्हा १९७८ साली लॉइस गिब्ज या गृहिणीच्या नेतृत्वाखाली तेथील रहिवासी लढले. आणीबाणी जाहीर झाली, कुटुंबे हलवावी लागली, आणि डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

या कायद्याचे मर्म त्या एका डॉलरच्या खरेदीखताला दिलेल्या उत्तरात आहे. विष टाकणारा आणि दूषित जमिनीचा मालक या दोघांनाही कायद्याने जबाबदार धरले. जमीन विकली म्हणून टाकणाऱ्याची जबाबदारी विकली जात नाही. कृत्य घडले त्या वेळी ते बेकायदा नव्हते, हा बचाव चालत नाही. अनेक दोषी असतील तर त्यांतील कोणाकडूनही संपूर्ण खर्च वसूल करता येतो. म्हणूनच गोवानसच्या काठावर एकोणिसाव्या शतकात वायू बनविणाऱ्या कंपन्यांचा वारसा जिच्याकडे आला, त्या आजच्या वायू कंपनीला आणि सांडपाणी सोडणाऱ्या खुद्द न्यू यॉर्क महापालिकेलाही सरकारला गाठता आले.

परंतु हेही सहजासहजी घडले नाही. २००९ च्या सुमारास हा कालवा त्या कायद्याखाली आणण्याचे घाटत होते, तेव्हा महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने विरोध केला. ‘दूषित’ असा शिक्का बसला तर बांधकामाचा पैसा पळून जाईल, ही भीती. त्यांची पर्यायी योजना केंद्रीय निधी आणि प्रदूषकांचे ऐच्छिक सहकार्य यांवर विसंबलेली होती. मार्च २०१० मध्ये हा विरोध डावलून कालव्याचे नाव यादीत घातले गेले. २०१३ साली ५० कोटी ६० लाख डॉलर खर्चाचा आराखडा मंजूर झाला आणि प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर गाळ उपसण्यास नोव्हेंबर २०२० उजाडला. गाळ काढावयाचा, खोलवरचे डांबर जेथे काढता येत नाही तेथे ते सिमेंट मिसळून जागीच घट्ट करावयाचे, त्यावर विष शोषणाऱ्या मातीचे, वाळूचे व खडीचे थर द्यावयाचे, आणि मैला पुन्हा कालव्यात येऊ नये म्हणून ८० लाख व ४० लाख गॅलनच्या दोन भूमिगत टाक्या बांधावयाच्या, असे या कामाचे स्वरूप आहे. टाक्यांच्या कामास महापालिकेने एवढा विलंब लावला की २०२१ साली पर्यावरण संस्थेला तिच्यावर आदेश बजावावा लागला.

येथपर्यंतची कथा न्यायाची वाटेल. पण पाणी निवळू लागताच जमिनीची किंमत चढू लागते, आणि येथेच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये महापालिकेने कालव्याभोवतीच्या ८२ गृहखंडांच्या जमीनवापराचे नियम बदलले. कारखान्यांच्या जागी सुमारे साडेआठ हजार घरे व्हावयाची, त्यांपैकी सुमारे तीन हजार मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. उरलेली बाजारभावाने. वर्षानुवर्षे त्या दुर्गंधीत राहिलेले लोक मात्र जवळच्या गोवानस हाउसेस आणि वायकॉफ गार्डन्स या सार्वजनिक वसाहतींत, गळक्या छतांखाली आणि ओलसर भिंतींत राहत होते. त्यांनी संघटित होऊन सांगितले की आमच्या घरांची दुरुस्ती आधी ठरवा, मग मनोऱ्यांचे बोला. त्या लढ्यातून २० कोटी डॉलरचे आश्वासन पदरात पडले. ते दानधर्माने मिळाले नाही. मंजुरीच्या आधी अडवून धरल्यामुळे मिळाले. मंजुरीनंतर मागितले असते तर कोणी ऐकले असते?

तिसरी गोष्ट उपसलेल्या विषाची. ते कोठे तरी जाऊन पडतेच. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विषारी माती पुरण्यासाठी वॉरन काउंटी हा कृष्णवर्णीय गरिबांचा भाग निवडला गेला. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात पाचशेहून अधिक माणसे अटकेत गेली. आपल्याकडे भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला तेव्हा तेथील जनता रस्त्यावर उतरली. तो कचरा त्याच वर्षी जाळण्यात आला, पण कारखान्याच्या परिसरातील माती आणि भूजल यांत मुरलेले विष त्यामुळे गेले नाही. एकाचे अंगण झाडून केर दुसऱ्याच्या दारात टाकणे याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

आणि चौथी गोष्ट निधीची. ज्या ठिकाणी दोषी कंपनी नाहीशी झाली तेथील कामासाठी अमेरिकेने तेल व रसायन उद्योगांवर कर बसविला होता. १९९५ साली त्याची मुदत संपली आणि तो चालू ठेवण्यात आला नाही. निधी आटला, कामे रेंगाळली आणि भार सामान्य करदात्यावर आला. रसायनांवरील कर २०२२ साली आणि तेलावरील कर २०२३ साली पुन्हा सुरू झाला. मधली सत्तावीस वर्षे उद्योगांना फुकट गेली.

आता आपल्या नियमांकडे वळू. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांची माहिती द्यावयाची, राज्य मंडळाने ठराविक मुदतीत तपासणी करावयाची, दोषी शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करावयाचा, अशी ही रचना आहे. दोषी सापडला नाही किंवा पैसे देऊ शकला नाही, तर केंद्र व राज्य सरकारांनी भार उचलावयाचा. तत्त्व योग्य आहे. परंतु स्थळ दूषित ठरल्यानंतर ते अमुक दिवसांत निर्धोक झालेच पाहिजे, अशी अंतिम मुदत या नियमांत नाही, आणि विलंब हेच प्रदूषकाचे सर्वांत जुने शस्त्र आहे. राजस्थानातील बिछडी गावाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तेथील विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासविल्या, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व ठामपणे मांडले. त्यानंतर अर्जांवर अर्ज करून दोषींनी पंधरा वर्षे काढली. अखेर २०११ साली ३७ कोटींहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याज लावण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. तोवर गावाने काय प्यावे, याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे. ठाण्याची खाडी, उल्हास, वालधुनी, मिठी यांच्या काठी कारखाने उभे राहिले, अनेक बंद पडले आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे चढत आहेत. जमीन हातची गेल्यावर काय होते, हे मुंबईच्या गिरणी कामगाराला विचारावे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरविला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. एका शब्दाच्या फेरफाराने शेकडो एकरांचे भवितव्य फिरले. दूषित जमिनींच्या बाबतीत तेच होऊ नये, असे वाटत असेल तर आताच जागे व्हावयास हवे.

आमच्या मते तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. पहिली, बंद कारखान्याच्या जमिनीची माती व भूजल तपासल्याशिवाय आणि तो अहवाल जनतेपुढे ठेवल्याशिवाय तिची विक्री किंवा वापरबदल मंजूर होऊ नये, आणि दूषणाची नोंद जमिनीच्या दप्तरात राहावी. दुसरी, शुद्धीकरणाचा खर्च वसूल होईल एवढी रक्कम कारखाना चालू असतानाच अनामत घ्यावी, कारण दिवाळखोर मालकाच्या मागे धावून काही हाती लागत नाही. तिसरी, शुद्धीकरणाने जमिनीची जी किंमत वाढते तिच्यातील मोठा वाटा तेथल्या कामगारांना व रहिवाशांना घरांच्या रूपाने मिळावा.

यावर दोन आक्षेप येतील. उद्योग पळून जातील, हा पहिला. जो उद्योग आपला कचरा दुसऱ्याच्या पोटात ढकलल्यावाचून चालू शकत नाही, तो नफ्यात नसून उधारीवर चालला आहे, आणि ती उधारी गरीब फेडतो. दुसरा आक्षेप, मिठीच्या काठी भंगार वेचणारे, तेलाची पिंपे धुणारे छोटे लोकही घाण करतात. करतात, हे खरे आहे. पण त्यांच्याकडे येणारी पिंपे कोणत्या कारखान्यांची, हे विचारल्यावाचून फक्त झोपड्यांवर बुलडोझर फिरविणे हा न्याय नव्हे. शिवाय सफाईचा स्वतंत्र धंदाही होऊ शकतो. मिठीचा गाळ उपसण्याच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटींचा अपहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण गाळाचे वजन आणि त्याचा मुक्काम यांचा हिशेब जनतेनेच मागितला पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

कार्यकर्त्यांनी यासाठी तज्ज्ञांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कोणत्या टाकीखाली काय मुरले, कोणत्या रात्री कोणता टँकर खाडीकडे गेला, कोठे पिंपे पुरली, हे निवृत्त कामगाराला ठाऊक असते. तो आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्याबरोबर ही माहितीही जाईल. आपापल्या वॉर्डातील बंद कारखान्यांची यादी करावी, या कामगारांच्या जबान्या लिहून घ्याव्यात आणि त्या जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर दाखल कराव्यात. सहामाही अहवाल त्यांनी द्यावयाचाच आहे. तो कोरा जाणार नाही, याची जबाबदारी आपली. जमिनीच्या पोटातील खातेवहीत नोंदी पूर्वीच झालेल्या आहेत. त्या वाचून दाखविणारे साक्षीदार हयात आहेत तोवर हे काम झाले पाहिजे.