'ताई, काढूनच टाकू का?'

आमची जुनी गाडी उन्हाळ्यात तापायला लागली, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "ताई, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, नाहीतर कमी अंशाचा बसवू." मैत्रिणींनो, इथेच ठाम राहा! पाणी पुरेसं तापल्यावरच, बऱ्याच गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना, हा व्हॉल्व्ह उघडून ते रेडिएटरकडे सोडतो. तो काढला तर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त लागतं, झीज वाढते. कमी अंशाचा लावून तुंबलेला रेडिएटर किंवा बंद पंखा थोडाच सुधारणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! थर्मोस्टॅट अडकलाच असेल तर नवा घ्या, पण कंपनीने सांगितलेल्या अंशाचाच. 'बायकांना गाडीतलं काय कळतं' म्हणणाऱ्याला तो आकडा जरूर विचारा.